रिकाम्या तारखेचं वय

सोमवार, ६ तारीख

आलो एकदाचे. नोकरी मिळाली, नोकरीबरोबर घर मिळालं आणि घर तळमजल्यावर मिळालं. एवढं पदरात पडल्यावर माणसाने तक्रार करू नये, पण मी करणार, कारण वास येतो.

वासाचं आधीच लिहून टाकते. फाटकातून आत आलं की आंबलेल्या भाजीचा, न वाळलेल्या फडक्याचा आणि त्या दोन्हींच्या खाली काहीतरी गोडसर असा वास नाकात शिरतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. आमचं क्वार्टर कंपनीच्या शेडच्या मागेच आहे. दोन खोल्या, बेताचं स्वयंपाकघर, नळाला भरपूर पाणी, भिंतींना नुकताच दिलेला पिवळा रंग. पायरी एकही नाही. आत्याच्या गुडघ्यांनी आधीच्या घरातल्या जिन्याला इतके शिव्याशाप दिले होते की इथे आल्याआल्या ती आतून बाहेर आणि बाहेरून आत नुसती फिरत राहिली.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आई-बाबा गेले तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. शिलाई मशीन चालवून तिनेच मला वाढवलं, शिकवलं, वेळप्रसंगी धपाटेही घातले. मला दुसरं कोणी नाही आणि तिलाही नाही. आता ती अडुसष्टची झाली. तिची पुढची वर्षं सपाट, कोरड्या घरात निवांत जावीत एवढ्यासाठी मी ही नोकरी धरली, नाहीतर इकडे फिरकले नसते.

कारण इथे अळ्या पाळतात. वाळवून त्यांचं कोंबड्यांसाठी खाद्य करतात. आत्याला मी ‘खाद्याची कंपनी’ एवढंच सांगितलं होतं. तिने दिवेलागणीच्या आत शेजारणीकडून सगळं काढून घेतलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मटार सोलताना एक अळी निघाली म्हणून अख्खी परडी खिडकीबाहेर भिरकावणारी मी. म्हणाली, देवाने बरोबर पत्ता काढला तुझा.

बुधवार, ८ तारीख

आज शेड बघितली.

लांबलचक पत्र्याची शेड, आत उबट काळोख, दोन्ही बाजूंना छतापर्यंत लोखंडी रॅक. रॅकमध्ये एकाखाली एक ट्रे सरकवलेले. ट्रेमध्ये बाजारातून उचलून आणलेला सडका भाजीपाला आणि त्यात अळ्या. वरून बघितलं तर भाजीच श्वास घेतेय असं वाटतं. कढईत मंद आचेवर काहीतरी तळत ठेवावं तशी सतत चुरचुर ऐकू येते; तो त्यांच्या खाण्याचा आवाज. ट्रेवर हात धरला तर ऊब लागते, असं मला सांगण्यात आलं. मी हात धरला नाही.

हे सांगणारी बाई शेडची सुपरवायझर. मनातल्या मनात मी तिला टोपीवाली म्हणते, कारण केसांवरची प्लॅस्टिकची टोपी ती जेवतानाही काढत नाही. बाई मनाने फार चांगली. अंड्यातून अळी, अळीचा कोश, कोशातून काळी माशी, हे तिने मला नातवंडांचं कौतुक सांगावं तसं सांगितलं. अळी दोनेक आठवडे खात सुटते, मग काळी पडते, खाणं सोडते आणि कोशात जायला निघते. त्याआधी तिला चाळून वाळवायचं.

माझं काम ऑफिसात, कॉम्प्युटरवर. शीटमध्ये एका ट्रेची एक ओळ. ट्रेचा नंबर आणि अंडी ठेवल्याची तारीख हाताने भरायची. वयाचा रकाना आपोआप भरतो, कारण तिथे आजच्या तारखेतून अंड्यांची तारीख वजा करायचा फॉर्म्युला आहे. नवा ट्रे लावला की टोपीवाली येते आणि रॅकच्या हिशोबाने मध्येच एक ओळ घालते, हातमोज्यांसकट. फॉर्म्युला खाली आणायचा राहतो, रंग उडतो, बेरीज गंडते. शिवाय की-बोर्ड. मी आज तो स्पिरिटने पुसायला घेतला. दोन कळांच्या फटीत काहीतरी वाळलेलं होतं, ते हललं. उरलेला दिवस मी पेन्सिलीच्या टोकाने टाइप केलं.

शनिवार, ११ तारीख

बटण झालं. स्वतःचीच पाठ थोपटून घेते, कारण दुसरं कोणी थोपटायला आलं तर त्याने हात धुतलेत का हे विचारावं लागेल.

मॅक्रो, म्हणजे एका बटणावर आपोआप होणारी कामं, अगदी साधा आहे. ज्या ओळीवर कर्सर असेल तिच्या लगेच खाली एक नवी ओळ घालायची. वरच्या ओळीची जशीच्या तशी नक्कल त्यात उतरवायची, म्हणजे रंग, फॉर्म्युले सगळं येतं. मग हाताने भरायच्या गोष्टी, म्हणजे नंबर आणि तारीख, तेवढ्या पुसून टाकायच्या. शीटच्या डोक्यावर मोठं हिरवं बटण ठेवलं आणि त्यावर ‘नवी ओळ’ लिहिलं. हातमोज्याने, कोपराने, कशानेही दाबा.

टोपीवालीने ते पाच-सहा वेळा नुसतंच दाबून बघितलं. आमच्या साहेबांना, म्हणजे मॅनेजरना, तर इतका आनंद झाला की तोंडातली खडीसाखर चघळायची थांबली. मी दोघांना एकच गोष्ट बजावली. एरवी चूक झाली तर ‘अन्डू’चा बाण दाबून मागे जाता येतं. मॅक्रो चालला की तो बाण पुसट होतो. बटण दाबलेलं मागे घेता येत नाही. नको असलेली ओळ हाताने काढावी लागते, आणि काढलेलीही परत येत नाही, कारण साहेबांना घाई म्हणून फाइल प्रत्येक बदलाला मॅक्रोनेच सेव्ह होते. दोघांनी माना डोलावल्या.

घरी आल्यावर आत्याला सांगितलं. ती म्हणाली, आयुष्यभर बटणं मी लावली आणि नाव तुझं झालं.

मंगळवार, १४ तारीख

टोपीवाली सकाळी माझ्याकडे तक्रार घेऊन आली. रॅकमध्ये कोणी नंबर नसलेले ट्रे घुसवलेत. खालचे सगळे ट्रे एकेक खण खाली सरकलेत आणि तळाचे जमिनीवर आलेत. तिला वाटलं मी काही नवी पद्धत काढली.

मला आत जावं लागलं. नाकाला रुमाल बांधून गेले. नंबर नसलेले ट्रे खरंच होते, ज्या जागी तिने शनिवारी खेळत बटण दाबलं होतं नेमके त्याच जागी. तिने वरचा आणि खालचा ट्रे शेजारी शेजारी ठेवून दाखवले. दोन्हींत त्याच कोपऱ्यात भोपळ्याची तीच साल, तिच्यावर तोच पांढरा बुरशीचा ठिपका, कडेला तशीच एक माशी चिकटून मेलेली, तिचा एक पंख तसाच तुटलेला.

फक्त अळ्या वेगळ्या होत्या. वरच्या ट्रेमधल्या दुधट, गुळगुळीत. खालच्या ट्रेमधल्या बोटाएवढ्या, चामड्यासारख्या, सुरकुत्यांनी भरलेल्या. सुरकुत्यांमध्ये मळ. अर्ध्या अंगाने सडलेल्या आणि उरलेल्या अर्ध्या अंगाने खात होत्या. टोपीवालीने एक चिमटीत उचलली तेव्हा तिची साल सरकून तिच्या बोटांत राहिली आणि आतली उरलेली अळी ट्रेमध्ये पडून पुन्हा खायला लागली. मी बाहेर येऊन नळाखाली डोकं धरलं.

ही थट्टा असावी, असं मी आत्याला सांगितलं. तिने मला साखरेचं पाणी दिलं.

शुक्रवार, १७ तारीख

थट्टा नाही. मला कळलंय, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

बिननंबरी ओळींच्या वयाच्या रकान्यात पंचेचाळीस हजारांच्या वर आकडे आलेत. आधी हसू आलं, कारण हे कोणालाही होतं. तारखेची जागा रिकामी असेल तर शीट ती शून्य धरतं, आणि शीटच्या लेखी शून्य म्हणजे मागचं शतक उजाडलं तो दिवस. आज वजा शून्य. पंचेचाळीस हजारांच्या वर दिवस, म्हणजे सव्वाशे वर्षं. तारीख पुसताना मला म्हणायचं होतं ‘अजून माहीत नाही’. शीटला ‘माहीत नाही’ कळत नाही. ते सरळ सव्वाशे वर्षांचं म्हातारपण देऊन मोकळं होतं.

आणि शेडमध्ये त्या अळ्या तेवढ्याच वयाच्या आहेत. त्या कोशात जात नाहीत, माशी होत नाहीत, मरत नाहीत. त्यांची ती वेळ कधीच निघून गेली. त्या फक्त खातात. टोपीवालीने दाखवलं ते आणखी घाण आहे: प्रत्येक म्हाताऱ्या ट्रेच्या वरचा ट्रे रिकामा झालाय. त्या भरदिवसा रॅकच्या दांडीवरून वर चढतात आणि ज्याच्यापासून निघाल्या त्यालाच आधी खातात. वरच्या ट्रेमध्ये नुसती पातळ सालं उरलीत, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. खालच्याला, शेजारच्याला हात लावत नाहीत. वरचा संपला की मग त्याच्या वरचा.

मी धीर करून शीटमधली एक बिननंबरी ओळ काढून टाकली आणि धावत जाऊन बघितलं. ट्रे नव्हता. खालचे सगळे एकेक खण वर सरकून नीट बसले होते. म्हणजे उपाय आहे. जीव भांड्यात पडला.

साहेबांनी तो पुन्हा बाहेर काढला. ते म्हणाले, म्हातारी असो की तरणी, वाळवली की सगळी सारखीच, आणि फुकट माल नाकारणारा मी कोण. शिवाय बटण त्यांना एवढं आवडलंय की त्यांनी ते स्वतःच्या हाताने बाकीच्या शीटांतही चिकटवलं. क्वार्टर्सच्या शीटमध्येसुद्धा. कोणत्या घरात कोण राहतं, नातं काय, जन्मतारीख, वय. त्यावरून कॅन्टीनचे डबे येतात. मॅक्रो तिथे नाव आणि जन्मतारीख पुसतो, नातं तसंच ठेवतो, असं अभिमानाने सांगितलं. ते तिथून काढा, असं मी हात जोडून सांगितलं. सोमवारी दौऱ्यावर जातोय, गुरुवारी आल्यावर बघू म्हणाले. ती फाइल फक्त त्यांच्या लॅपटॉपवर आहे.

सोमवार, २० तारीख

क्रमाने लिहिते.

टोपीवालीचा नवरा तिच्याकडे राहायला आला. त्याच्या डब्यासाठी तिने साहेब निघायच्या आधी त्यांच्या लॅपटॉपवर बटण दाबलं. कर्सर कुठे आहे ते बघितलं नाही. सकाळीच मी साहेबांकडून आत्याची जन्मतारीख दुरुस्त करून घेतली होती, त्यामुळे कर्सर आत्याच्या ओळीवर होता. चूक लक्षात आल्यावर तिने आपल्या ओळीवर जाऊन पुन्हा दाबलं, नवऱ्याचं नाव आणि जन्मतारीख भरली. आधीची रिकामी ओळ तशीच राहिली. तुमच्या आत्याच्या खाली एक जागा उगाच वाढली बघा, असं तिने मला चहाच्या वेळी हसत सांगितलं. साहेब लॅपटॉप घेऊन गेलेले.

मी चप्पल न घालताच घरी धावले.

आत्याच्या खाटेच्या पायथ्याशी दुसरी खाट होती. कपाट, टेबल, सगळं एकेक खाटभर दाराकडे सरकलेलं. खाटेवर कोणीतरी आत्याचा फुलाफुलांचा गाऊन घालून पडलं होतं. तोच गाऊन, कोपरावर तेच ठिगळ, ठिगळाला तोच भलत्या रंगाचा दोरा. गाऊनच्या आत जे होतं त्याला बाई म्हणायला जीभ रेटत नाही. भिजलेल्या कागदी पिशवीसारखी कातडी, घड्यांवर घड्या, घड्यांत काळं साचलेलं. डोळ्यांवर साय. दात नाहीत, तरी तोंड सारखं चालू. खोलीत शेडचा वास. आणि तीच चुरचुर.

आत्या तिच्या उशाशी बसून वाटीत काहीतरी कुस्करत होती. कोणाची तरी टाकून दिलेली म्हातारी दिसते, असं मला म्हणाली. दार उघडं होतं, कोणी आणून ठेवलं असेल. मग हळूच म्हणाली की चेहरा अगदी तुझ्या आजीसारखा आहे गं.

मंगळवार, २१ तारीख

आत्याला सगळं सांगितलं. बटण, ओळ, तारीख, वरचे ट्रे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, बटणाने माणसं होत नाहीत, झाली असती तर मी शिवून ठेवली असती. इथून निघून जाऊ म्हटलं, तर हिला असं टाकून कुठे जाऊ म्हणाली.

तिला ती पुसते. भरवते. घड्या उचलून आतलं ओल्या फडक्याने टिपते. मी खोलीच्या उंबऱ्यावर उभी राहते, आत जाववत नाही. गाऊन बदलताना म्हातारीच्या पाठीची साल आत्याच्या तळहाताला चिकटून आली. आत्याने ती हळूच सोडवून पुन्हा जागेवर बसवली. मी मोरीत ओकले.

डबे दोनच येतात. म्हातारीच्या नावाचा डबा नाही, कारण तिला नाव नाही. आत्या आपल्यातलं अर्धं तिला देते.

बुधवार, २२ तारीख

आत्या रोडावलीय. एका दिवसात इतकं? मनगटाची बांगडी कोपरापर्यंत जाते. दंडाची कातडी पातळ झालीय, खालच्या निळ्या शिरा दिसतात. सकाळी तिची खाट आणि म्हातारीची खाट चिकटलेल्या होत्या. मी लांब केल्या. दुपारी पुन्हा चिकटलेल्या. म्हातारीचं तोंड आत्याच्या टाचेपाशी होतं.

मी ओरडले. तिला उचलून शेडमध्ये टाकून येते म्हणाले, ही घाण आहे, किडा आहे, हिला बघून मला शिसारी येते. आत्या कधी चिडत नाही. आजही चिडली नाही. नुसती बघत राहिली आणि म्हणाली, “मी अशी झाले की माझीही येईल का गं तुला?”

मी उत्तर दिलं नाही. रागात होते. उद्या साहेब येतील, ओळ काढली की सगळं संपेल, मग सावकाश समजूत काढीन.

संध्याकाळी टोपीवाली डबे द्यायला आली होती. आत्या तिच्याशी दारात बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. काय ते विचारलं तर म्हणाली, तू नाक मुरडशील, तुला नाही सांगत.

गुरुवार, २३ तारीख

सुटलो.

सकाळी जाग आली ती स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या आवाजाने. आत्या उभी होती, ताठ, गुडघ्यांची कुरकुर नाही. गाल भरलेले. कालची अवकळा पार गेलेली. दोन्ही डबे तिने सकाळीच संपवले होते आणि पातेल्यातलं खरवडून खात होती. मला इतका आनंद झाला की मी मागून मिठी मारली. अंग गार होतं, थोडं दमट. नुकतीच अंघोळ झाली असणार.

म्हातारी खाटेवर अगदी आक्रसून पडली होती. जवळून जाताना तिने माझं मनगट धरलं. पहिल्यांदाच. तिची बोटं हलकी, सुकलेली. तोंड उघडझाप करत होती, काहीतरी म्हणायचं होतं, शब्द होत नव्हता. सायीखालून पाणी वाहत होतं. मला एकदम भडभडून आलं, किळसेने. मी हात हिसडला. तिचं डोकं खाटेच्या दांडीवर आपटलं. मी मनगट साबणाने धुतलं, मग पुन्हा धुतलं.

ऑफिसात साहेब आले होते. त्यांचा लॅपटॉप मागून घेतला. क्वार्टर्सच्या शीटमध्ये माझं नाव, त्याच्या लगेच खाली ती ओळ: नाव रिकामं, तारीख रिकामी, नातं आत्या, वय सव्वाशे. तिच्याखाली माझी आत्या, नावासकट, अडुसष्ट. मी रिकामी ओळ निवडली आणि काढून टाकली. आत्याची ओळ वर सरकून माझ्याखाली येऊन बसली. इतकं सोपं होतं.

दुपारी घरी डोकावून आले. दुसरी खाट नाही. कपाट जागेवर. आत्या खात होती.

गुरुवार, संध्याकाळ

टोपीवाली भेटली. म्हातारीचा डबा आला का, असं विचारलं.

कसला डबा म्हटलं. तिने सांगितलं. काल आत्याने तिला गळ घातली होती. “म्हातारीला नाव नाही म्हणून तिला जेवण नाही, हे मला बघवत नाही.” नव्या नावाला ओळखपत्र लागतं आणि एक नाव शीट दोनदा घेत नाही असं कळल्यावर म्हणाली, “मग माझं काढा आणि तिला द्या. मला आता भूकही लागत नाही.” टोपीवालीने पहाटे साहेब आल्याआल्या ते केलं. वरचं नाव आणि तारीख पुसली, खालच्या रिकाम्या ओळीत लिहिली. आत्याने बजावलं होतं म्हणून मला सांगितलं नाही. मी उगाच तोंड वाकडं करीन म्हणून.

नवी ओळ नेहमी खाली येते. मॅक्रो मी लिहिलाय. खाली. आणि रिकामी ओळ वर होती. माझ्या डोळ्यांसमोर होती, वर होती, आणि मी

ती रिकामी ओळ आत्या होती.

ती रडत होती. माझा हात धरून. आणि मी साबणाने

शुक्रवार, २४ तारीख

पुन्हा गेले. बाण पुसट. साहेब म्हणतात गेलेली ओळ कुठे शोधायची. नाव पुन्हा लिहायला गेले, शीट घेत नाही, म्हणतं हे नाव आहे. आहे. माझ्या घरात आहे.

स्वयंपाकघरात काही उरलं नाही. पीठ, साबणाची वडी, पडद्याची कड. तोंड चालूच. आत्याच्या आवाजात मला हाक मारते, लाडाने, अगदी तश्शीच. आवाजाच्या खाली चुरचुर.

मी दार लावून घेतलंय. फटीखालून दमट येतंय.

आत्याच्या दारातल्या चपला कुरतडलेल्या. ही दिसायला ती, नखं तिची, तीळसुद्धा, आणि मला शिसारी येते — आली तेव्हा चुकीच्या माणसाची आली, आणि आता

संध्याकाळ. दार उघडं आहे. मी उघडलं नाही.

माझी खाट तिच्या खाटेला चिकटलेली. मी लांब केली. पाणी प्यायला गेले. चिकटलेली.

शीटमध्ये आता तिच्या वर कोण — मधली ओळ मीच काढली — आता तिच्या लगेच वर माझं

पायाला गार लागतंय. दुखत नाही. बघायचं नाही म्हणून लिहितेय. टाचेची साल कांद्याच्या

ती हळू आवाजात विचारतेय, किळस येते का गं तुला, आणि मी या वेळी उत्तर देणार आहे, आत्या, नाही, मला तुझी कधीच